कुलपाभोवतीचे ओरखडे

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझ्या उरल्यासुरल्या दोन दाढा आजच्या आज पडोत!

गाड्यांना पॉलिश करणारा एक होता. सगळे त्याला चकाचक म्हणायचे. ओरखडा दिसला की हा आधी त्यावरून नख फिरवायचा. नख अडकलं, तर "रंगाऱ्याकडे न्या." नाही अडकलं, तर "माझ्यावर सोडा." ते नख कधी चुकलं नव्हतं.

एके सकाळी त्याची थोरली बहीण भावोजींची काळी गाडी घेऊन आली. भावोजी जाऊन चार महिने झाले होते. शेवटी शेवटी त्यांचा हात थरथरायचा. किल्ली भोकात शिरेपर्यंत दार दहा ठिकाणी खरवडायची. कुलपाभोवती नुसतं जाळं झालं होतं.

"चारला गिऱ्हाईक येतंय," ताई म्हणाली. "आज ही गेलीच पाहिजे. ही अंगणात उभी असते, आणि सहा वाजले, त्यांची घरी यायची वेळ झाली, की मी उठून घराचं दार उघडते रे. रोज. अशानं वेड लागेल मला."

चकाचकनं नख फिरवलं. अडकलं नाही.

"जेवायच्या आत साफ करतो. तू तिथं बस, आणि शिकवू नकोस."

"माझी पाटी पुसायचास, तेव्हापासून तेवढंच येतं तुला!"

त्यानं हँडलभोवती कागदी पट्टी चिकटवली, दार धुतलं, पॉलिश लावून मशीन फिरवलं. गरम रंगाचा वास सुटला. फडकं मारलं, तर दारात त्याला स्वतःची मिशी दिसली, पिकल्या केसांसकट. खूश होऊन हात धुवायला गेला.

परत आला, तर कुलपापाशी तीन ओरखडे.

फडक्यात खडा असणार. त्यानं फडकं बदललं, पुन्हा घासलं. पुन्हा लख्ख. चहाचा कप तोंडाला लावून खाली ठेवतो, तर पाच.

"ताई, किल्ली कुठाय?"

"माझ्या पर्समध्ये." तिनं पर्स छातीशी धरली होती.

तिसऱ्यांदा दार पुसून तो हात मागे बांधून समोरच उभा राहिला. मशीन बंद. जवळपास चिटपाखरू नाही.

खर्र.

एक पांढरी रेघ कुलपाशेजारून हळूच खाली उतरली. थांबली. परत वर गेली.

ताई जागची हलली नाही. "घाई करू नका," एवढंच म्हणाली.

भावाला तिनं जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

चकाचकनं किल्ली घेतली, कुलूप उघडलं, आणि दार सताड उघडं ठेवून चौथ्यांदा घासलं. मग मात्र एकही रेघ उठली नाही. चारला गिऱ्हाईक आलं, सगळीकडून वाकून वाकून बघितलं आणि खुशीत गाडी घेऊन गेलं.

त्या दिवशी सहा वाजले. ताई उठली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

आठवड्यानं चकाचक तिच्याकडे जेवायला गेला. उंबऱ्यातच थबकला. घराच्या दाराला, बाहेरच्या बाजूनं, कुलपाच्या भोकाभोवती बारीक रेघांचं जाळं. त्यानं नख फिरवलं. अडकलं नाही.

"पाच मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला.

"राहू दे," ताई म्हणाली, आणि तीन ताटं घेतली.

आता दाढांची शपथ घेतलीय, तेव्हा सांगून टाकते. एवढं एकच मी पदरचं घातलं. ते ओरखडे दाराच्या बाहेरच्या बाजूनं नव्हते.

आतून होते.