नारळाच्या अलीकडे

"काल बोंबलत आली होती न हे गाडी! आज चूपचाप काहून?" झेंडूची माळ बांधता बांधता चिंधूनं विचारलं.

नाकाडोंगरीत लग्नाची धामधूम होती. बेबीची ताई, निर्मला, आज भय्याजीमामांच्या अँबॅसिडरमधून पवनीला सासरी निघणार होती. गाडी सजवायचं काम बेबी आणि तिचा चुलतभाऊ चिंधू यांच्याकडे. काल ब्रेक लावताच गाडी अशी किंचाळली, की सारे वऱ्हाडी हसले होते!

बेबी चाकापाशी वाकली. टायरवर आतून तेलाचे ओघळ आले होते. तिनं बोट लावून वास घेतला. जवस! कुंताआत्यानं सकाळपासून "माझी जवसाच्या तेलाची शिशी कोणी नेली?" म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं.

"मामाजी, ब्रेकमंदी तेल टाकलं का जी?"

"चारही चाकांत! गेला न आवाज?" मामांनी मिशीवर हात फिरवला.

"सायकलच्या रिमले तेल लागलं तं ब्रेक लागत नाही जी!" चिंधू म्हणाला.

"सायकल अन् मोटार एकच का बे? नवे लायनर टाकू पुढच्या महिन्यात. व्हा बाजूले!"

बाबांनीही "मोठ्यांच्या मधात बोलू नका" म्हणून हाकललं. गावाबाहेरचा उतार आणि खालचा तलाव बेबीच्या डोळ्यांपुढे आला.

"चिंधू, नारळ आण!"

नवरी निघताना चाकाखाली नारळ फोडायचा रिवाज. बेबीनं तो अंगणाच्या टोकाला, तणसाच्या ढिगापुढे ठेवला, म्हणजे ब्रेक लागला नाही तरी गाडी भाताच्या पेंढ्यात अडकेल. "मामाजी, रिकामी गाडी आणा अन् नारळाच्या अलीकडं थांबवा. आत्या तिथंच कुंकू लावते!"

"हे काय, थांबवतो!"

आत्या कुंकवाचं ताट घेऊन नारळापाशी उभी राहिली. गाडी सुरू झाली. आणि मागच्या काचेत बाशिंग हललं. बाप रे! बायकांनी ताईला आधीच आत बसवलं होतं!

"ताई, उतर!" बेबी जिवाच्या आकांतानं ओरडली. पण बाजा दणदणत होता. ऐकणार कोण!

मामांनी ब्रेक दाबला. गाडी थांबेना! पुन्हा दाबला. मामांचा चेहरा पांढराफटक पडला. चिंधूनं आत्याला हाताला धरून खेचलं, ताट खणखणत पडलं. फाट्! नारळ फुटला, आणि गाडी तणसात घुसली.

बाजा थांबला. बेबी गाडीकडे धावली. ताई... ताई बोलत का नाही?

दार उघडलं. ताईच्या केसांत तणस, बाशिंग वाकडं. "बेबे, काय झालं वो?" बेबी तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.

तुमसरहून परसराम मिस्त्री आला. त्यानं चाकं काढली. लायनर, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे ब्रेकचे पट्टे, इतके झिजले होते की त्यांच्या रिव्हेट-खिळ्या उघड्या पडून ड्रमला घासत होत्या. किंचाळी त्याचीच! आणि मामांनी किंचाळी बंद केली, झीज तशीच ठेवली. परसरामनं जुने लायनर काढले, ड्रम पेट्रोलनं पुसले, नवे लायनर ठोकून बसवले. सारं वऱ्हाड मांडवात बसून बघत होतं. मामा मान खाली घालून रिव्हेट हातात देत होते.

दुपारी दुसरा नारळ ठेवला. मामांनी आधी मागची सीट स्वतः वाकून पाहिली. गाडी आली आणि नारळाच्या अलीकडे गप्पकन थांबली!

बाबांनी बेबी आणि चिंधूच्या डोक्यावर हात ठेवले. "तुमचं आयकलं असतं तं पोरगी तणसात गेली नसती. आता तुम्ही सांगसान तवाच गाडी निघन."

बेबी चाकापाशी गेली. टायर कोरडा होता. तरी तिनं बोट लावून वास घेतला. जवसाचा वास नव्हता.

"बस, ताई," ती म्हणाली.