एकाच कडेने गेलेल्या तारा

बोशुन खरं तर टायरमध्ये हवा भरायला आला होता. तैवानातल्या कीलुंगच्या चढावरच्या त्या गल्लीत टायरवाला आणि जियान मिस्त्रींचं गाड्यांत स्पीकर बसवायचं दुकान भिंतीला भिंत लावून आहेत, आणि पावसात काच पुसत पुसत वळणाऱ्या माणसाचं दार चुकणं यात नवल काही नाही. त्या गावात पाऊस थांबला तरच लोक वर बघतात. तर बोशुनने आपली छोटी निळी गाडी सरळ मिस्त्रींच्या दारात, वेइनिंगच्या पायांपाशी आणून उभी केली, काच खाली घेतली आणि म्हणाला, "चारही चाकांत हवा भरा."

"हवा शेजारी," वेइनिंग म्हणाली. "इथे आवाज मिळतो."

तो ओशाळून गाडी मागे घेणार, तेवढ्यात तिने हात वर केला. गाडीत काहीतरी वाजत होतं. मान तिरकी करून तिने ते ऐकलं.

"आणि तुम्हाला हवेपेक्षा आवाजाचीच गरज जास्त दिसतेय. हे काय लावलंय? पत्र्यावर कुणी वाटाणे ओततंय का?"

बोशुनचा चेहरा पडला. "तो ढोल आहे."

"असं होय."

"मी वाजवलेला."

दुसरी कुणी असती तर तिने जीभ चावली असती. वेइनिंगने नाही चावली. मिस्त्र्याची मुलगी ती, चार वर्षं बापाच्या हाताखाली राबलेली, आणि आवाजाच्या बाबतीत खोटं बोलायचं तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

"मग तुमची गाडी तुमची बदनामी करतेय," ती म्हणाली.

तो हसला. आधी रागावला होता हे नक्की, पण हसला... आणि हसताना त्याचा डावा डोळा उजव्याच्या आधी मिटतो, हे तिच्या उगीचच लक्षात राहिलं.

बोशुन दिवसा बंदरावर क्रेन चालवायचा आणि संध्याकाळी देवळाच्या वाद्यपथकात मोठा ढोल वाजवायचा. तालमीचं रेकॉर्डिंग गाडीत लावून स्वतःच्या चुका शोधायची त्याला सवय होती. पण त्या गाडीत ढोल असा काही वाजायचा की चूक तर सोडाच, ढोलसुद्धा सापडत नसे.

मागे वेताच्या खुर्चीत बसलेले जियान मिस्त्री हे सगळं ऐकत होते. त्यांचे गुडघे कामातून गेले होते. डॅशबोर्डखाली शिरणं आता त्यांना जमणार नव्हतं, आणि शेजारचा टायरवाला दुकानाची जागा मागून मागून दमत नव्हता. आदल्याच आठवड्यात त्यांनी लेकीला बजावलं होतं, "एक गाडी पहिल्यापासून शेवटपर्यंत तू एकटीने कर. मी बोटही लावणार नाही. आवाज स्वच्छ आला तर पाटीवर तुझं नाव. नाही आला, तर शटर त्याच्या हवाली करू आणि तू एखादी सावलीतली नोकरी बघ." बोलायला कडक, पण शब्दाचा पक्का माणूस. आता त्यांनी काठी निळ्या गाडीकडे रोखली.

"हीच घे," ते म्हणाले.

रविवारी सकाळी बोशुन वेळेच्या आधीच हजर. गाडी ठेवून जा म्हटलं तर म्हणे, "मी इथेच बसतो. बघायला." काय बघायला, ते काही त्याने सांगितलं नाही. गाडीच्या उजव्या, म्हणजे तिकडच्या गाड्यांत ड्रायव्हरशेजारच्या दाराशी, छपरातून गळणारी धार चुकवून, त्याने एक पालथा क्रेट ओढला आणि मांडी ठोकून बसला.

वेइनिंगने आधी बॅटरीची तार सोडली. मग खोक्यातून सबवूफर, जड सूर घुमवणारा स्पीकर, काढला. अॅम्प्लिफायर त्याच्याच पोटात होता. चपटा, काळा, ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली सरकेल एवढाच.

"एवढासा?" बोशुन म्हणाला. "माझा ढोल माझ्या छातीएवढा आहे."

"छाती मोजून ढोल वाजत नाही."

"मग कशाने वाजतो?"

"ते तुम्ही मला शिकवायचं. मी तुम्हाला गप्प बसायला शिकवते."

त्याला गप्प बसायला शिकवणं सोपं नव्हतं. ती बॅटरीजवळ फ्यूज लावत असताना तो पथकातल्या म्हाताऱ्या सनईवाल्याची नक्कल करत होता. तिने लाल जाड तार इंजिनच्या बाजूने आत ओढली तेव्हा तो, तू नेहमीच केस असे पेन्सिलने बांधतेस का, विचारत होता. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते तिने ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. सीटखालचा गालिचा उचलून ती पत्र्यावरचा रंग खरवडायला लागली, तसा तो दचकून पुढे वाकला.

"अगं, गाडीला ओरखडे काढतेस?"

"ओरखडे नाहीत. अर्थिंगची तार नुसत्या पत्र्याला भिडली पाहिजे. मध्ये रंग राहिला की बोंबाबोंब."

"म्हणजे मध्ये काही नको."

"तारेबद्दल बोलतेय मी."

"मी पण," तो म्हणाला, आणि त्याचा डावा डोळा आधी मिटला.

दुपारी त्याने देवळापासच्या बाजारातून माशाचे गरम वडे आणले, वर काकडीचं लोणचं. तिचे हात काळे झालेले, आणि ती अर्धी गाडीत, अर्धी बाहेर. त्याने काडीला एक वडा टोचून पुढे धरला. "आ कर." तिने मागे पाहिलं. बाबा खुर्चीत पेंगत होते... निदान तसं दिसत तरी होतं. तिने तोंड उघडलं. वडा जिभेला चटका देत गेला आणि तिला त्याची चव काही कळली नाही, कारण तो इतक्या जवळून बघत होता. मग ती खाली वाकून भराभर दाराच्या कडेच्या पट्टीखालून सुराची, म्हणजे गाण्याचा सिग्नल नेणारी, तार ओढू लागली. कान लाल झाले होते, ते तेवढे झाकता येत नव्हते.

काम झालं. सीट जागेवर बसली. बाबा काठी टेकत आले आणि उघड्या दाराशी उभे राहिले. वेइनिंगने किल्ली फिरवली, बोशुनचं रेकॉर्डिंग लावलं.

ढोल आला, चांगला घुमून आला. पण त्याच्यामागे एक बारीक कुंई ऐकू येत होती. तिने इंजिनला जरा जोर दिला तशी ती वर चढली, जोर काढला तशी खाली उतरली.

आवाजाचं बटण थोडं कमी केलं असतं तर कुंई लपली असती. दहातल्या नऊ गिऱ्हाइकांना ती कळलीही नसती. तिने बटणाला हात लावला नाही. गाडी बंद करून ती खाली उतरली. बाबांनी उजव्या दाराच्या कडेची पट्टी काठीच्या टोकाने उचलली. आत लाल तार आणि सुराची तार अंगाला अंग लावून पडल्या होत्या, पार डॅशबोर्डपासून सीटपर्यंत.

"दोन्ही एकाच कडेने," बाबा म्हणाले. "विजेची उजवीकडून, सुराची डावीकडून. तू शाळेत होतीस तेव्हापासून हे तुला पाठ आहे. जावाजावांना एका खोलीत कोंडलं की कुरकुर होणारच. का नेल्यास?"

वेइनिंगने पट्टीखाली पाहिलं. पाटी, दुकान, चार वर्षं... सगळं त्या पट्टीखाली पडलं होतं.

बोशुन क्रेटवरून उठला. बिचाऱ्याने मदतच करायला तोंड उघडलं. "काका, चूक माझी आहे. मी सकाळपासून बडबडतोय. त्यात त्या विसरल्या असतील."

हे ऐकलं आणि तिची मान ताठ झाली. लाज गेली खड्ड्यात. काय वाटेल ते ऐकून घेतलं असतं तिने, पण काम विसरणारी मिस्त्री म्हणून कुणी कीव केलेली तिला चालणार नव्हती, आणि याने तर नाहीच.

"मी विसरले नाही," ती म्हणाली. "मला माहीत होतं तार डावीकडून न्यायची. डाव्या बाजूला गेले असते तर..." ती थांबली. मग बापाकडे सरळ बघून बोलली. "तर हा दिसला नसता. हा उजव्या दाराशी बसला होता. म्हणून सगळं काम मी उजवीकडूनच केलं. हाताची चूक नाही, बाबा. हात माझे चांगले आहेत."

पावसाची धार छपरावरून बादलीत पडत होती. बोशुन, सकाळपासून न थांबलेला बोशुन, तोंड उघडं ठेवून उभा होता. त्याचेही कान लाल झाले.

जियान मिस्त्रींनी लेकीकडे पाहिलं, मग त्या पोराकडे, बराच वेळ, एखादं जुनं मशीन घ्यावं की नाही अशा नजरेने.

"तार काढ," ते म्हणाले. "आणि याला डाव्या दाराशी बसव."

बोशुनने क्रेट उचलला आणि गाडीला वळसा घालून डावीकडे नेऊन ठेवला. तिने पुन्हा सीट काढली, गालिचा उचलला, तार सोडवली आणि डाव्या पट्टीखालून एक एक वीत नेली. घाई केली नाही. एकदाही वर पाहिलं नाही, तरी तो तिथे आहे हे तिच्या पाठीला कळत होतं, आणि या खेपेला त्याचं तिला ओझं नव्हतं.

पुन्हा किल्ली. पुन्हा ढोल. इंजिन वर गेलं, खाली आलं, आणि ढोलामागे काहीही नव्हतं. फक्त कातडं, काठी, आणि काठी कातड्यावर टेकण्याआधीचा श्वास. बोशुनने डोळे मिटले.

"मी घाईत शिरलोय," तो हळूच म्हणाला. "इथे, या वळणावर. सहा महिने मला कळलं नव्हतं."

"आता कळेल," वेइनिंग म्हणाली. ऊर भरून आला होता तिचा, आणि तिने तो लपवला नाही.

बाबांनी सगळं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं. मग छत्री घेतली. "शेजारी सांगून येतो," ते म्हणाले, "त्याने जागा दुसरीकडे बघावी म्हणून. पाटीवाल्याकडेही जातो. मला उशीर होईल." गुडघे दुखत असलेला माणूस एवढा भराभर चालताना गल्लीने पाहिला नव्हता.

दोघंच उरली. वेइनिंग म्हणाली, "एक काम राहिलंय. आवाज जुळवायचा. एकट्या ड्रायव्हरच्या कानाला जुळवू, की शेजारच्या सीटचाही धरू?"

"शेजारचाही."

"तिथे कोण बसतं?"

"आजवर ढोलाच्या काठ्या." त्याने उजवं दार उघडून धरलं. "तू... बसशील?"

गाडीतली ती जागा प्रेयसीची असते, हे तैवानात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तिथे एकदा बसलेल्या मुलीबद्दल मग गल्ली दुसरं काही विचारत नाही. वेइनिंगने काळे हात फडक्याला पुसले, पेन्सिल काढून केस मोकळे केले आणि राणीसारखी आत बसली. सीट तिने आपल्या उंचीला सरकवली. ढोल लावून ती एक एक खुंटी फिरवत राहिली, तो थेट तिच्या छातीत येऊन बसेपर्यंत.

बोशुन ड्रायव्हरच्या जागी येऊन बसला होता. त्याने काही वेळ ऐकलं. मग जरा चाचपत विचारलं, "हे तुझ्या उंचीला जुळवलंस. उद्या इथे दुसरी कुणी बसली तर?"

"आवाज बिघडेल," ती म्हणाली. "दुसरी कुणी बसवू नकोस."