शोभावहिनीचे नव्वद दिवस

“अंकुश… छातीत दुखून राह्यलं मले.”

दाराची चौकट धरून शोभाने हे म्हटले, तेव्हा अंगणात मोटारसायकल पुसणारा तिचा धाकटा दीर क्षणभर थांबला. तीन महिन्यांत तो तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता. आताही बोलला नाही. फडके दोरीवर टाकून त्याने गाडी सुरू केली आणि ती बसण्याची वाट पाहत उभा राहिला. शोभा पदर सावरून मागे बसली. दुखत काहीच नव्हते… म्हणजे डॉक्टरला दाखवण्यासारखे तिचे काही दुखत नव्हते.

रोहणा गावाहून वर्ध्याच्या दवाखान्यापर्यंत तिच्या डोळ्यांसमोर त्याची मुकी पाठ होती. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासू हयात नव्हती, आणि अकरा वर्षांचा हा पोर दुसऱ्याच दिवशी हक्काने तिच्या ताटात जेवायला बसला होता. पुढे कबड्डीत त्याने नाव काढले. कॉलेजच्या कुठल्याही फॉर्मवर मोबाइल नंबर मात्र तो वहिनीचाच लिहायचा, आणि तिथेच घात झाला!

राज्याच्या संघात निवडलेल्या पोरांच्या हृदयाची तपासणी झाली होती. सोनोग्राफीसारखीच, इको म्हणतात ती. डॉक्टरांचा फोन आला तो शोभाला. हृदयाची भिंत जाड दिसते. फार सरावानेही अशी होते आणि जन्मजात आजारानेही, नक्की सांगता येत नाही. तीन महिने खेळणे, पळणे साफ बंद, मग पुन्हा इको. भिंत पातळ झाली तर भिण्यासारखे काही नाही. नाही झाली तर एखाद्या दिवशी मैदानावरच… डॉक्टरांनी वाक्य पुरे केले नाही.

“त्याला सगळं नीट समजावून सांगा,” ते म्हणाले.

“सांगतो,” शोभा म्हणाली, आणि सांगितले नाही.

कसे सांगणार? शेजारच्या भैयाजींच्या मुलीच्या, आचलच्या हृदयाला लहानपणी छिद्र होते. ते कधीच बुजले, पोरगी धडधाकट आहे, तरी जमत आलेली तीन लग्ने मोडली. गावाच्या तोंडी एकदा बसले की बसले. नवऱ्याला सांगावे, तर कारखान्यातून आठवड्याने घरी येणाऱ्या भूपेंद्रच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि अंकुश? राज्याच्या संघात निवड झाल्यावर तो कुणाचे ऐकून घरी बसणार होता थोडाच! शेवटी तिने कॉलेजच्या सरांना फोन केला. घरी शेतीचे काम आहे, तो आता खेळणार नाही, म्हणाली. नाव कापले गेले.

“माही आई असती तं असं केलं नसतं तिनं,” अंकुश त्या दिवशी म्हणाला. ते शेवटचे.

तेव्हापासून रोज पहाटे तो गाडी काढून निघून जायचा आणि दिवस वर आल्यावर परतायचा. कुठे जातो, पळतो की काय… या धास्तीने तिचा जीव टांगणीला लागायचा. थोडा जरी सराव झाला तरी तपासणीचा उपयोग नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण विचारायचे कोणत्या तोंडाने? घरात ती एकटी पडली होती.

दवाखान्याच्या खिडकीवरच्या बाईने पेशंट कोण म्हणून विचारले. शोभाने अंकुशकडे बोट दाखवले.

“हा. अंकुश भोयर. आजची तारीख देली होती.”

अंकुश तिच्याकडे पाहतच राहिला. आत डॉक्टरांनी जुना रिपोर्ट समोर ठेवून सगळे सांगितले, तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“तीन महिने पूर्ण बंद होतं ना? खरं सांग.”



“हो,” तो म्हणाला. “नाव कापलं तेव्हापासून एक दिवसबी पळलो नाई.”

त्याला आडवे करून छातीवर यंत्र फिरवले गेले. पडद्यावर त्याचे हृदय उघडत होते, मिटत होते… शोभा भिंतीला टेकून पाहत राहिली. बऱ्याच वेळाने डॉक्टर हसले. भिंत पातळ झाली होती. आजार नव्हताच. हळूहळू सराव सुरू करायला हरकत नाही, म्हणाले.

बाहेरच्या बाकावर शोभा मटकन बसली. हा आनंद होता की अपराध, तिचे तिलाच कळेना.

“मंग मी तुयी निवड फुकटच घालवली रे…”

“मले काऊन नाई सांगितलं?”

“तू थांबला असता काय?”

त्याने नकारार्थी मान हलवली. मग तिने तीन महिने उरात दाबलेला प्रश्न विचारला.

“पळत नव्हता, तं रोज पहाटे जात कुठं होता?”

“धाम नदीच्या पुलावर. नुसता बसून राहो.”

“काऊन?”

अंकुशने खाली पाहिले.

“पहाटे मोरीत नळ सोडून रडत होती तू. तुले वाटे, कोणाले ऐकू येत नाई. मले ऐकवत नव्हतं, वहिनी… आन् रागही सुटत नव्हता.”

शोभाने पदर तोंडाशी धरला. येणारी-जाणारी माणसे पाहत होती. अंकुश तिच्या शेजारी बसला, आणि तिचे रडून होईपर्यंत उठला नाही.