उत्तर आलेलं आहे

सागरप्रांताच्या विधानसभेत गेल्या सहा वर्षांत एकदाही गोंधळ झाला नव्हता. समुद्र आत आला तशी राजधानी घाटावर हलवली, तिथे नवं विधानभवन उभं राहिलं, आणि तेव्हापासून कुणी अध्यक्षांच्या आसनापुढे धावून गेलं नाही, कुणी कागद भिरकावले नाहीत, कुणी सभात्याग केला नाही. प्रश्नोत्तराचा तास ठरल्या मिनिटाला संपायचा. शाळांच्या सहली यायच्या, तेव्हा शिक्षक मुलांना कौतुकाने हे सगळं दाखवायचे.

त्या सभागृहात अगदी मागे, खांबाने अर्ध्या झाकलेल्या बाकावर आमदार द्वारका तांडेल बसायच्या. सातखाडीतून अपक्ष निवडून आलेल्या. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी मनोरुग्णालयात परिचारिका म्हणून काढलेली. त्या दिवशी त्या एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारायला उभ्या राहिल्या होत्या.

सातखाडीच्या कारखान्यात कोळंबी सोलणाऱ्या त्रेचाळीस बायकांच्या बोटांची जाणीव गेली होती. कोळंबीच्या बर्फात ‘हिमलेप’ नावाची भुकटी मिसळायला सरकारने दोन वर्षांपूर्वी परवानगी दिली होती. तिच्यामुळे कोळंबी चाळीस दिवस ताजी राहायची. ही भुकटी बायकांच्या नसा मारते आहे का, चौकशी कधी संपणार आणि तोवर तिचा वापर थांबवायला काय हरकत आहे, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

कामगारमंत्री रणधीर खानविलकर उठले. सर्दी झाल्यासारखा, जरा बसका आवाज. दोनेक मिनिटं ते बोलले. ऐकता ऐकता द्वारकाताईंच्या छातीतली गाठ सैल होत गेली. दोन महिने डोक्यात घुमणारं काहीतरी जागच्या जागी जाऊन बसलं.

“मी समाधानी आहे, अध्यक्ष महोदय,” त्या म्हणाल्या आणि बसल्या.

खाली उपाहारगृहात चांगुणा मेहेर त्यांची वाट पाहत होती. त्या त्रेचाळीस जणींपैकी ती एक. मागच्या महिन्यात भाकरी भाजताना तिचा उजवा हात तव्याला टेकला तो टेकलाच राहिला. जळाल्याचा वास आला तेव्हा तिला कळलं. दोन बोटं काढावी लागली. गॅलरीत बसायचा पास मिळाला नव्हता, म्हणून ती पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून गार झालेल्या चहासमोर बसली होती.

“काय बोल्ला मंत्री?”

“चांगलं उत्तर दिलं गं. अगदी सविस्तर.”

“मग भुकटी बंद करतात ना?”

द्वारकाताईंनी बोलायला तोंड उघडलं. “म्हणजे... ते बघतायत.”

“कधीपर्यंत?”

“ते सगळं सांगितलं त्यांनी.”

“तेच तर विचारतेय ताई, काय सांगितलं?”

द्वारकाताईंना एक शब्द आठवेना. तरीही त्यांना शांत वाटत होतं, आणि चांगुणा उगाच ताणतेय असंही वाटत होतं. अर्ध्या पाऊण तासाने कामकाजाची छापील प्रत आली. चष्मा लावून त्या मंत्र्यांचं उत्तर मोठ्याने वाचू लागल्या.

“‘शासन या बाबीकडे गांभीर्याने पाहत असून, सर्व संबंधित बाबी विचारात घेऊन योग्य वेळी योग्य तो निर्णय घेण्याच्या दृष्टीने आवश्यक ती प्रक्रिया विहित पद्धतीने सुरू आहे.’”

पुढे आणखी दीड पान असंच होतं. द्वारकाताईंनी ते दोनदा वाचलं. मग त्यांची कानशिलं तापली.

“यावर मी समाधानी झाले?” त्या जवळजवळ ओरडल्या. “तिसऱ्यांदा?”

चांगुणाने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर द्वारकाताईंना चांगलीच झोंबली. ताईसुद्धा त्यांच्यातलीच झाली, असं ती नजर म्हणत होती.

परतीच्या बसमध्ये त्या स्वतःलाच तपासत राहिल्या. आधी भरून येणारी स्वस्थता, मग पाऊण तासाने परतणारी तगमग. हे त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. घाटाच्या चौथ्या वळणावर त्यांना आठवलं. रुग्णालयात, सात नंबरच्या वॉर्डात.

दुसऱ्या दिवशी त्या डॉ. मल्हार केळुसकरांच्या दारात उभ्या राहिल्या. डॉक्टर निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. बागेतल्या कुंड्या हलवत होते.

“सिस्टर तांडेल! आमदार झालात म्हणे.”

“सर, पूर्तिस्वर कुणाला दिलात?”

केळुसकरांनी हातातली कुंडी खाली ठेवली. मग त्यांना आत घेऊन गेले.

सात नंबरच्या वॉर्डात शंकेच्या आजाराचे रुग्ण असत. दार लावलं की नाही हे चाळीस वेळा पाहणारे, कातडी सोलेपर्यंत हात धुणारे. त्यांच्यासाठी डॉक्टरांनी तो उपचार शोधला होता.

“तुम्ही दाराला कुलूप लावता,” ते सांगू लागले, “तेव्हा मेंदू आतल्या आत एक शिक्का मारतो, ‘झालं’ म्हणून. तो शिक्का बसला की माणूस मागे वळून पाहत नाही. आपल्या रुग्णांमध्ये तो बसायचाच नाही. दार लावलेलं दिसायचं, पण लावल्यासारखं वाटायचं नाही.”

“हे मला ठाऊक आहे, सर.”

“यातली मेख तेव्हा मी कुणाला सांगितली नव्हती. तो शिक्का आणि खरोखर दार लागणं, या दोन्हींचा एकमेकांशी संबंध असलाच पाहिजे असं नाही. समजणं वेगळं आणि समजल्यासारखं वाटणं वेगळं. मेंदूत त्यांच्या जागाही वेगळ्या. बोलणाऱ्याच्या आवाजात काही सूक्ष्म कंपनं मिसळली, कानाला वेगळी ऐकूसुद्धा येणार नाहीत इतकी बारीक, की ऐकणाऱ्याच्या मेंदूत तो शिक्का परस्पर उमटतो. शब्द कुठलेही असोत. तोच पूर्तिस्वर. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं टिकतो.”

“आणि विधानभवनात?”

“सरकारने हक्क मागितले. रुग्णालयांत आणि स्थानकांवर लोकांची घबराट कमी करायला, म्हणाले. मी दिले.” ते खिडकीबाहेर पाहू लागले. “मंत्र्यांच्या बाकांवरच्या माइकमध्ये बसवलाय हे दोन वर्षांनी कळलं. तोवर एकही उपप्रश्न विचारला गेला नव्हता, यावरून.”

“मग गप्प का बसलात?”

“तक्रार केली होती, सिस्टर. एका मंत्र्याने भेटीला बोलावलं. समोर छोटा माइक होता, मला ऐकू कमी येतं म्हणून ठेवलेला. बाहेर पडलो तेव्हा मन अगदी हलकं झालं होतं. तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर सही करून आलो होतो.”

द्वारकाताईंना त्यांचा राग आला आणि कीवही आली. “उपाय?”

“ऐकू नका. वाचा.”

पुढच्या मंगळवारी द्वारकाताई दोन्ही कानांत मेणाचे बोळे घालून सभागृहात गेल्या. प्रत्येक बाकावरच्या पडद्यावर बोललेला शब्द लगेच उमटत असे, त्यावर त्यांची भिस्त होती. प्रश्न मांडला. खानविलकरांचं उत्तर पडद्यावर ओळीओळीने सरकत गेलं, तसा त्यांचा संताप चढत गेला. उत्तर संपलं आणि त्या उभ्याच राहिल्या.

“उपप्रश्न, अध्यक्ष महोदय. चौकशी कधी पूर्ण होणार? मला तारीख हवी आहे.”

सगळं सभागृह मागे वळलं. खानविलकर गोंधळले. त्यांना उपप्रश्नाची सवयच राहिली नव्हती. सचिवाने पुढे केलेला कागद त्यांनी वाचला. पडद्यावर उमटलं, ‘यथावकाश.’

“यथावकाश ही तारीख नाही! बायकांची बोटं जातायत. तव्यावर हात भाजतोय तरी त्यांना कळत नाही. भुकटी आजपासून थांबवणार का? हो की नाही, एवढंच सांगा.”

शेजारच्या बाकावरचे वयस्क आमदार त्यांचा पदर ओढत होते. त्यांच्या ओठांवरून द्वारकाताईंना कळलं, ‘ताई, दिलं की उत्तर.’ त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. मग द्वारकाताईंनी राखून ठेवलेलं शेवटचं अस्त्र काढलं. मंत्र्यांच्या माइकमध्ये पूर्तिस्वर बसवला आहे, तो काय करतो, कुणी शोधला, हे सगळं त्या घसा ताणून बोलल्या. बाकांवर चुळबूळ झाली. दोघेतिघे उभे राहिले. एका तरुण सदस्याने मूठ उगारली. सहा वर्षांत पहिल्यांदाच ते सभागृह हललं, आणि द्वारकाताईंना वाटलं, जमलं.

खानविलकर माइककडे वाकले. पडद्यावर एकच ओळ आली. ‘अशी कोणतीही यंत्रणा या सभागृहात नाही.’

उभे राहिलेले सदस्य खाली बसले. उगारलेली मूठ उघडली. तरुण सदस्य मान डोलावत समोरचे कागद नीट लावू लागला. मग पडद्यावर अध्यक्षांचे शब्द आले. ‘उत्तर आलेलं आहे. सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं.’ त्या बसल्या नाहीत. दोन महिला सुरक्षारक्षकांनी त्यांना दंडाला धरून, अगदी अदबीने, बाहेर नेलं. त्यांचं अधिवेशन तिथेच संपलं.

द्वारकाताई सातखाडीला परतल्या. वर्तमानपत्रांनी ‘सदस्येची प्रकृती बिघडली’ एवढीच बातमी दिली. वार्ताहर गॅलरीत बसत आणि गॅलरीतही ध्वनिक्षेपक होते. महिन्याभरात जाणीव गेलेल्या बायकांचा आकडा त्रेसष्टवर गेला. त्याच आठवड्यात सरकारने प्रत्येक आमदाराच्या कार्यालयाला एक ‘जनसंवाद ध्वनिसंच’ भेट दिला. माइक, दोन कर्णे आणि वापराची पुस्तिका. त्या माइकमध्ये काय असणार हे द्वारकाताईंनी ओळखलं आणि खोकं न उघडताच माळ्यावर टाकलं.

रविवारी सगळ्या बायका त्यांच्या अंगणात जमल्या. ताई राजधानीतून काय घेऊन आल्या, हे त्यांना ऐकायचं होतं. द्वारकाताईंनी बोलायला सुरुवात केली, पण चारपाच वाक्यांतच आरडाओरडा सुरू झाला. अर्ध्या जणींना वाटत होतं, चांगुणाने तक्रार केली म्हणून कारखाना बंद पडणार. अर्ध्या जणी ताईंवरच उखडल्या होत्या.

“तीन डाव गेलीस, तीन डाव समाधानी म्हणून आलीस!”

“हिच्या दोन बोटांपायी आमच्या चुली विझवणार!”

कुणीतरी चांगुणाच्या झिंज्या धरल्या. चांगुणा खाली पडली, पट्टीतून रक्त आलं, आणि तिला दुखत नसल्यामुळे ती रक्ताकडे नुसती पाहत राहिली. द्वारकाताई मध्ये पडल्या, ओरडल्या, त्यांना कुणी मोजेना. तेव्हा त्या माळ्यावरचं खोकं काढायला आत धावल्या. वॉर्डात रुग्ण एकमेकांच्या अंगावर गेले की त्या इंजेक्शन भरायला धावत, तशाच. फक्त दोन मिनिटं, त्यांनी स्वतःला बजावलं. आणि बोलायचं ते खरंच बोलायचं.

“बायांनो, ऐका,” कर्ण्यातून त्यांचा आवाज आला. “सरकारने उत्तर दिलेलं नाही. देणारही नाही. भुकटी तशीच चालू राहणार आहे आणि तुमची बोटं जाणार आहेत. मी हरलेय. आता जे करायचं ते आपल्यालाच करायचंय.”

अंगण शांत झालं. झिंज्या धरणारीने चांगुणाला हात देऊन उठवलं, तिचा पदर सारखा केला. बायकांच्या चेहऱ्यांवरचे ताण उतरत गेले.

“झालं तर मग,” एक म्हातारी म्हणाली. “कोणीतरी नीट सांगितलं एकदाचं.”

त्या एकेक करून उठल्या, ताईंच्या पाया पडल्या आणि दुपारच्या पाळीला बर्फात हात घालायला निघून गेल्या. द्वारकाताईंनी त्यांना थांबवलं नाही. कर्ण्यातून आलेला स्वतःचा आवाज त्यांनीही ऐकला होता. आपलं काम आपण केलं, असं त्यांना फार मनापासून वाटत होतं. पाऊण तासाने त्या भानावर आल्या, तेव्हा अंगणात फक्त चपलांची धूळ होती.

पुढच्या रविवारी न बोलावता शंभरावर बायका आल्या. कुणी तक्रार आणली नव्हती. कर्ण्यांच्या समोरची जागा धरून त्या बसल्या होत्या. पहिल्या रांगेत चांगुणा. आठवडाभरात तिचा चेहरा ओढला होता. तिसरं बोटही काढायचं ठरलं होतं.

“आज आपण मोर्चाचं ठरवू,” द्वारकाताई माइकशिवाय म्हणाल्या. “कारखान्याच्या फाटकावर बसू. सगळ्या मिळून.”

कुणी हलेना.

“चांगुणा, तू तरी बोल गं.”

“मना नाय होत आता, ताई,” चांगुणा हळूच म्हणाली. “सारखं मनात पेटलेलं असतं. जेवताना, निजताना, सारखं. हातात काय कळत नाय, ते सगळं इथे कळतं.” तिने छातीवर हात ठेवला. “तू आज काय सांगू नको. नुसती बोल. त्याच्यातून बोल.”

द्वारकाताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या शंभर चेहऱ्यांकडे. बावीस वर्षं त्या दुखणाऱ्या माणसाला औषध देत आल्या होत्या. त्यांनी बटण दाबलं.

निदान खोटं तरी बोलायचं नाही, म्हणून त्यांनी नसांविषयी सांगायला सुरुवात केली. आधी करंगळी बधिर होते, मग तिच्याशेजारचं बोट, मग तळवा. जखम कळत नाही, म्हणून ती चिघळते. मनगटाच्या वर गेलं की परतीचा मार्ग नसतो. त्या एकेक गोष्ट स्पष्ट, सावकाश सांगत होत्या. समोर बायका आपापले हात मांडीवर उताणे ठेवून ऐकत होत्या आणि प्रत्येक वाक्यागणिक समाधानाने माना डोलावत होत्या.