अकरा सह्या

जगदेव नागपूरहून बी.ए. होऊन मानोऱ्याला परतला आणि नोकरी बघायची सोडून तांड्यावर जाऊ लागला. मी शाळामास्तर, त्याचा लहानपणापासूनचा मित्र. मी त्याला वेड्यात काढलं.

अडतीस साली शाळाखात्याच्या साहेबानं तांड्याला शाळा द्यायचं कबूल केलं. पण अर्जावर अकरा मोठ्या माणसांच्या सह्या हव्यात, अंगठे चालणार नाहीत, असं बजावलं. मग जगदेव, तांड्याचा 'भाऊ', रोज ताटात राख पसरायचा, मागं बसून एकेकाचा हात धरायचा आणि नाव गिरवून घ्यायचा. त्याची एक जुनी खोड होती. मोडीसारखी आधी लांब रेघ ओढायची आणि मग बाळबोध अक्षरं तिला टांगायची. मी त्यावरूनही त्याला हसायचो.

श्रावणात तो तापानं गेला. चार दिवसांत. मी पोरक्यासारखा रडलो.

अर्जाची मुदत संपत आली, म्हणून भर दुपारी मीच तांड्यावर गेलो. नावं अर्धीमुर्धीच शिकवून झाली होती. शाळा बुडाली असं धरून मी शाईची गादी सोबत नेली. निदान अंगठे तरी.

रामीबाईनं गादी बाजूला सारली. "अंगठा कायले, गुरुजी? टाक द्या."

तिनं टाक धरला, हात सैल सोडला आणि थांबली. मग आधी रेघ ओढली गेली. तिच्याखाली अक्षरं उतरली, कुठंही न अडखळता.

भल्या माणसानं शिकवलंय चांगलं, मी मनाशी म्हटलं. लखमा, देवला, सगळ्यांनी तसंच केलं. हात पुढे, जरा वाट, मग सही. कागदाकडे कोणी बघतही नव्हतं.

अकरावी कमलीबाई. चार महिने बाहेर मजुरीला गेलेली, कालच परतलेली. तिनंही आधी रेघ ओढली. खालच्या वेलांट्या मागं झुकलेल्या, जगदेवच्या.

"तुले कोनं शिकवलं, बाई?"

"मले कुटं येते, गुरुजी? भाऊ धरून राह्यले न हात."



खाली साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. मी टाक टेकवला आणि, सांगायला लाज वाटते, हात सैल सोडला. एकदाच त्याचा हात हवा होता मला.

काही झालं नाही.

"तुमाले येते न लिवता," रामीबाई हळूच म्हणाली.

मी सही केली. डोळे भरून आले होते.

रामीबाई गोधडीवर सरकली. माझ्याशेजारी एका माणसापुरती जागा झाली.

गोधडी तिथं हळूच दबली.