शेवटची तबकडी

"तो रेडिओ नाही."

मी दचकून मागे पाहिलं. जुन्या सामानाच्या दुकानात कपाटांच्या आणि मोडक्या खुर्च्यांच्या मधोमध एक उंच, सडपातळ माणूस उभा होता. बाहीला तेलाचा डाग आणि कानामागे पेन्सिल.

"चिठ्ठी तर रेडिओची लावलीय," मी म्हणाले.

"दुकानदाराला विचारलंत तर तो मलाही कपाट म्हणेल." तो पुढे आला. "झाकण उघडा ना."

मी उघडलं. आत फिरती थाळी होती, थाळीच्या मधोमध उंच वाकडा खांब आणि कडेला एक आडवी दांडी. "रेकॉर्ड चेंजर," तो एखाद्या जुन्या मित्राची ओळख करून द्यावी तसा म्हणाला. "सहा तबकड्या या खांबावर रचायच्या. एक संपली की दुसरी आपोआप खाली पडते. माणसानं उठायचं नाही."

मला तो हवाच होता. आमच्या बाबांची दृष्टी अधू झाली होती, वाचन सुटलं होतं. ट्रंकेत त्यांच्या तरुणपणच्या तबकड्या होत्या, पण वाजवायला काही नव्हतं.

"चालू होईल?"

"आधी हा कोण ते कळायला हवं. नावाची पट्टी कुणीतरी उपटलीय." त्यानं खिळ्यांची चार भोकं दाखवली. मग खांबाजवळची कडी काढून त्यानं थाळी अलगद उचलली. खाली पत्र्यावर ठोकलेला क्रमांक होता, गंजलेला. "शेवटी तीन... तीन असेल तर विसरा. त्याचं थाळी फिरवणारं रबरी चाक आता कुठंच मिळत नाही."

मी छापखान्यात मुद्रितं तपासायची. पिशवीत पातळ कागद कायम असायचा. तो क्रमांकावर ठेवला आणि त्याच्या कानामागची पेन्सिल — न विचारताच — काढून आडवी घासली. अक्षरं हळूहळू वर आली.

"आठ आहे."

"कशावरून?"

"डावीकडची कड पुसट आहे, पण आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच पगार घेते मी."

तो कागदाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे... जरा जास्तच वेळ. "आठ असेल तर चाक माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आहे," तो म्हणाला. "रविवारी येऊ?"

तो आला. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला आणि लाकडी मूठ कानाला लावून ऐकू लागला, तेव्हा बाबांनी त्याचं नाव 'डॉक्टर' ठेवून टाकलं.

"काय डॉक्टर, वाचेल का पेशंट?"

"हृदय ठणठणीत आहे, काका. सांधे धरलेत."

आतलं जुनं ग्रीस डिंकासारखं घट्ट झालं होतं. ते स्पिरिटनं पुसायला त्याला दोन रविवार लागले. घरभर तो वास, खिडकीतून उन्हाचा पट्टा, आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघं. तो स्क्रू काढी, मी ते क्रमानं डबीत ठेवी. रबरी चाक वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिल्यानं चपटं झालं होतं. थाळी फिरली की धप्... धप्... असा आवाज येई.

"माझ्याही छातीत असाच येतो हल्ली," तो खाली मान घालून पुटपुटला.

"चाक बदला मग," मी म्हणाले, आणि कान तापले म्हणून उगाचच चहा टाकायला उठले.

तिसऱ्या रविवारी बाबांची पहिली तबकडी खट्कन थाळीवर पडली. सुई आपली आपण चालत आली. बाबांनी डोळे मिटले, बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरू लागली. काम संपलं. तो सामान आवरून गेला आणि घर एकदम मोठं वाटू लागलं.

पुढच्या शनिवारी झाडपूस करताना ती आडवी दांडी माझ्या धक्क्यानं बाजूला सरकली असावी. मशीन थांबेचना! शेवटची तबकडी संपली की पुन्हा तीच. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याला फोन केला.

रविवारी तो आला, वाकला, पाहिलं. "हं... गुंतागुंतीचं आहे. वेळ लागेल." तीन तास सगळं खोललं, तेल घातलं, जोडलं. सगळ्यात शेवटी दोन बोटांनी हळूच ती दांडी तबकड्यांवर आणून ठेवली. मशीन वेळेवर थांबलं.

माझी नजर मुद्रितशोधकाची. मला कळलं. दांडी तबकड्यांवर टेकलेली असली तरच मशीनला शेवट कळतो. बिघाड काहीच नव्हता.

मी त्याला अजून एक चहा दिला. आणि पुढच्या शनिवारी ती दांडी स्वतःच्या हातानं बाजूला केली.

असे पाच रविवार गेले. पाचव्या रविवारी तो उंबऱ्यात थबकला. "मला जहाजावर नोकरी लागलीय. यंत्रं दुरुस्त करायची. येता गुरुवार सोडून पुढच्या गुरुवारी सुटतोय... दोन वर्षांसाठी, कदाचित तीनसुद्धा होतील. काही — काही सांगायचं होतं तुम्हाला?"

सांगायचं खूप होतं. पण सांगायला तोंड उघडलं असतं, तर आधी कबूल करावं लागलं असतं की महिनाभर खोटं बोलून मी त्याला हेलपाटे घालायला लावले. मी म्हटलं, "सांभाळून जा." आणि आत जाऊन रडले.

त्या शनिवारी मी दांडीला हात लावला नाही. फसवून बोलवायचं नाही आता, ठरवलं. तो निघायच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी बाबांनी तबकड्या लावल्या. शेवटची संपली... आणि पुन्हा सुरू झाली. मी धावत बाहेर आले. दांडी बाजूला!

"बाबा?"

"मघाशी कोपऱ्यावर जाऊन फोन केलाय मी त्याला. म्हटलं, पेशंट अत्यवस्थ आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, दिसत कमी असलं तरी एकच गाणं नऊ वेळा ऐकू येतं मला!"

दारात तो उभा होता, धापा टाकत. हात रिकामे.

"तुमची हत्यारांची बॅग?" मी विचारलं.

"ती लागलीय कधी?" मग घाईनं म्हणाला, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. दांडी सरकलीय एवढंच. सांगितलं असतं तर परत बोलावलं नसतंत."

"मला त्याच दिवशी कळलं. तुम्ही ती दोन बोटांनी ठेवलीत तेव्हा."

"म्हणजे... पाच रविवार मी ग्रीस कुणासाठी लावत होतो?"

"माझ्यासाठी," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच न तपासता बोलले. "मी थांबेन. दोन म्हणा, तीन म्हणा."

आत बाबा मोठ्यानं खोकले. त्यानं माझा हात हातात घेतला, आणि तबकडी दहाव्यांदा सुरू झाली.

तो परत यायला अडीच वर्षं लागली. त्याच्या पत्रांतल्या चुका मी लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवायची. एक वाक्य मात्र दरवेळी होतं आणि त्याला मी कधी हात लावला नाही.

आता बाबा नाहीत. रबरी चाक तीनदा बदललं. आजही मशीन आमच्या बैठकीच्या खोलीत आहे, आणि दुपारी मी तबकड्या लावते. आत्ताही शेवटची संपून पुन्हा लागली आहे.

आतून आवाज येतो, "अगं, ती दांडी नीट ठेव की!"

"अहो, बिघडलंय वाटतं. बघता का जरा?"

मग काठीचा ठक्... ठक्... आवाज. तो येतो, वाकतो, चष्मा वर करून पाहतो.

"हं," तो म्हणतो आणि माझ्या शेजारी बसतो. "गुंतागुंतीचं आहे. वेळ लागेल."