बिनआवाजी पंख्याची गोष्ट

तिने दार ढकललं, आणि आतल्या माणसाने कपाळाला हात लावला.

"गेली! सकाळपासूनची मोजणी गेली."

"सॉरी… मी कँटीन शोधत होते."

"ते वरच्या मजल्यावर. ही शांत खोली आहे. इथे पंख्यांचा आवाज मोजतात."

भिंतींना जाडजूड स्पंज, छताला एकच पंखा, त्याखाली एक मायक्रोफोन. मागे दार लागलं आणि अशी काही शांतता पसरली की तिला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. नेमके तेव्हाच तिच्या पोटातले कावळे ओरडले. चांगले खणखणीत.

त्याने यंत्राकडे पाहिलं. "हाही मोजला गेला," तो म्हणाला, आणि हसू लपवायला खाली वाकून उगीचच एक वायर सारखी करू लागला. ती मात्र लाजेने लाल होऊन पळाली.

पंखे बनवणाऱ्या त्या कंपनीत ती ब्लॉग लिहायला नुकतीच रुजू झाली होती. सगळे तिला लेखिकाबाई म्हणत. थोडं कौतुकाने, बरंचसं टिंगलीने. शांत खोलीतल्या त्या इंजिनिअरचं नाव पडलं होतं मौनीबाबा, आणि ते अगदी योग्य होतं, कारण हा बाबा कामापुरतंही तोंड उघडत नसे. आता नशीब बघा, तिचा प्रत्येक लेख ब्लॉगवर जाण्याआधी तपासणीला जायचा तो नेमका त्याच्याकडेच.

पहिला लेख लालेलाल होऊन परत आला. 'झुळूक कानाशी गुणगुणते' या वाक्याखाली शेरा होता : 'पंखा गुणगुणत असेल तर बेअरिंग बदला.'

ती तरातरा खाली गेली. "तुम्हाला जरासुद्धा कविता कळत नाही का हो?"

"मला कळते. पंख्याला नाही."

"हसू नका. लोक शेवटपर्यंत वाचत नसतील तर ब्लॉग बाहेरच्या एजन्सीला देणार आहेत साहेब. म्हणजे मी घरी!"

त्याचं हसू मावळलं. त्याने स्टूल पुढे सरकवलं. "बसा. विचारा काय विचारायचं ते."

मग ते रोजचंच झालं. ती चहाचे दोन कप घेऊन यायची, तो पात्यांचे कोन समजावायचा. समजावताना त्याची लांब बोटं हवेत हळूच फिरायची, आणि तिचं लक्ष कोनांवरून उडायचं ते थेट बोटांवर. तिने एकदा विचारलं, "हे सगळं घरी कुणाला सांगता?" तो म्हणाला, "कुणी विचारत नाही." ते ऐकून तिला त्याच्याबद्दल इतकी माया वाटली की तिचा चहा निवून गेला.

एका संध्याकाळी तिने सहज विचारलं, "पण तुम्हाला आवाजाचा एवढा राग का?"

त्याने हातातला कप खाली ठेवला. मग बोलायला लागला तो थांबेचना.

त्याची आई नर्स. कायम रात्रपाळी. घर एका खोलीचं, त्यामुळे ती दिवसा झोपली की घरात हूं की चूं करायचं नाही. तो खेळायचा गुपचूप, रडायचा तोही गुपचूप. पण डोक्यावरचा पंखा कुरकुरायचा आणि आई दचकून उठायची. एकदा त्याने खुर्चीवर चढून पंख्यात तेल ओतलं. इतकं ओतलं की ते आईच्या पांढऱ्याशुभ्र युनिफॉर्मवर टपकलं. ती रागावेल म्हणून तो कोपऱ्यात लपला. आई पोट धरून हसली, आणि तसाच डागाळलेला युनिफॉर्म घालून कामावर गेली.

"तेव्हापासून…" तो म्हणाला आणि थांबला. "हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं."

ती दार उघडून बाहेर आली तेव्हा कुठे तिला कळलं, बाहेर धो धो पाऊस कोसळत होता.

घरी जाऊन तिने एका बैठकीत त्याच्या आईच्या त्या गोष्टीवर लेख लिहिला. असं तिच्या हातून आजवर उतरलं नव्हतं. लोक शेवटपर्यंत वाचणार, तिची नोकरी टिकणार. पण लेख पाठवायला बोट धजेना. तिने तो बाजूला ठेवला आणि दुसराच लिहून पाठवला : 'पंखा निवडताना घ्यायची काळजी.'

दुसऱ्या दिवशी त्यावर एकच शब्द आला. 'नापास.'

"यात काय चुकलंय?" तिने खाली येऊन विचारलं.

"काहीच नाही. सगळं बरोबर आहे. पण झोप येते वाचून." त्याने तिच्याकडे पाहिलं. "मी सांगितलं ते का नाही लिहिलंत?"

"ते तुम्ही मला सांगितलं होतं… कंपनीला नाही."

"पण मग तुमची नोकरी…"

"गेली तर गेली."

त्याने समोरचं यंत्र बंद केलं. मग म्हणाला, "गोष्ट आईची आहे. तिला विचारावं लागेल. रविवारी… याल का घरी?"

रविवारी त्याच्या आईने तो बाजूला ठेवलेला लेख वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"हे सगळं यानं सांगितलं? तुला?"

"हो, काकू. तुमची परवानगी असेल तरच—"

"खुशाल छाप गं. युनिफॉर्मचंही राहू दे." मग ती मुलाकडे वळली. तो भिंतीला टेकून उभा होता, नेहमीसारखाच गप्प. "मला वाटायचं, माझं पोर शहाणं आहे, शांत आहे. मीच तुला गप्प बसवलं रे… बाळा, निवृत्त होऊन किती काळ झाला मला. मी आता रात्री झोपते. दिवसा बोललास तरी चालतं."

त्याचे डोळे भरून आले. त्याने लेखिकाबाईकडे पाहिलं, दोन पावलं पुढे आला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या घरात मोठ्याने बोलला. शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"आई, मला ही आवडते!"

"अरे, मग मला काय सांगतोस?" आई म्हणाली. "तिला विचार."

"काकू, त्याने विचारायची गरज नाही," ती हसत, डोळे पुसत म्हणाली. "मलाही तो फार आवडतो."